एकसारख्या दिसणाऱ्या पेशी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी उल्हासनगरात, कॅम्प नंबर तीनच्या बाजारातल्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होते. खाली जीन्स शिवायची मशिनं दिवसभर खडखडत असत आणि वर मी मायक्रोस्कोपला डोळा लावून पांढऱ्या पेशी मोजत बसे. त्यातल्या लिम्फोसाइट म्हणजे जांभळा गोल ठिपका, भोवती निळसर कड. हजारो पाहिल्या असतील. सगळ्या सारख्याच.

त्याच सुमारास आईचे हात सुजले. ती मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात बाटल्यांना झाकणं बसवायची. सकाळी तासभर तिची बोटं वळत नसत. चहाचा कप ती दोन्ही तळव्यांत धरी. मी तिचं रक्त लॅबमध्ये आणलं आणि संधिवाताची टेस्ट लावली. काळ्या काचेवर रक्तातल्या पाण्याचा एक आणि टेस्टच्या औषधाचा एक असे दोन थेंब एकत्र करून काच हलवायची. पांढरे कण गोळा झाले तर पॉझिटिव्ह. तीनदा केली. एकदाही कण गोळा झाले नाहीत.

माझंच काही चुकतंय असं वाटून मी काच आमच्या लॅबच्या सिंधी डॉक्टरांना दाखवली.

"बेटा, टेस्ट निगेटिव्ह है. बीमारी थोडीच निगेटिव्ह है?" ते म्हणाले आणि मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहून दिली.

तिथल्या डॉक्टरबाईंनी आईचा एकेक सांधा दाबून पाहिला, एक्स-रे काढला. संधिवातच होता. काहीजणांत ती टेस्ट निगेटिव्हच येते, त्या म्हणाल्या. मग आईला विचारलं, "या आजारात रक्तातल्या पेशी कशा असतात ते आम्ही तपासतोय. गोळ्या सुरू करण्याआधी थोडं रक्त द्याल? तुम्हाला त्याचा फायदा काही नाही."

"घ्या की," आई म्हणाली. "पण काय दिसतं ते आम्हाला दाखवा."

मीही हात पुढे केला. "तू हिची मुलगी, तुझं अभ्यासात धरणार नाही," बाई हसल्या, "पण शेजारी ठेवून बघू."

दुपारी त्यांनी आम्हाला एका अंधाऱ्या खोलीत नेलं. पेशींच्या अंगावर वेगवेगळ्या खुणा असतात, त्या लॅबमधल्या नेहमीच्या जांभळ्या रंगात दिसत नाहीत, असं त्यांनी मला समजावलं. ज्या खुणेला चिकटेल असा चमकणारा रंग घालावा, ती खूण असलेल्या पेशीच तेवढ्या उजळतात. आज त्यांनी जाग्या होऊन लढायला निघालेल्या पेशींची खूण शोधली होती.

माझ्या काचेवर काळोखात एखाददुसरा हिरवा ठिपका होता. आईच्या काचेवर जिकडे सरकवावं तिकडे हिरवे. मी काच पुन्हा पुन्हा सरकवून पाहिली. इतकी वर्षं मी ज्यांना एकाच रकान्यात मोजत होते, त्या पेशी एकसारख्या नव्हत्याच.

"एका काचेवरून काही ठरवू नकोस," बाई म्हणाल्या. "अशी पुष्कळ माणसं पाहायची आहेत."

मग आई स्टुलावर बसली. मायक्रोस्कोपचा स्क्रू तिच्या बोटांनी फिरेना, म्हणून मी फिरवला.

"थांब. दिसलं." मग डोळा न काढताच तिने विचारलं, "ह्या माझ्याच ना? मग माझ्याच हाताशी का भांडतात? त्यांना चुकीचं सांगितलं कोणी?"

"तेच तर आम्हाला माहीत नाही," बाई म्हणाल्या.

आईला त्या उत्तराचं वाईट वाटलं नाही. उलट परतताना ती मला सारखी विचारत होती: खुणा किती प्रकारच्या असतात, जाग्या झालेल्या पेशी पुन्हा झोपतात का. मला एकाचंही धड उत्तर देता येईना. पुढच्या सुट्टीपासून मी त्या डॉक्टरबाईंकडे जायला लागले, पुस्तकं मागायला.

गोळ्यांनी चार-पाच महिन्यांत सूज उतरली. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली ती राहिलीच. आई कारखान्यात परत गेली, आणि जेवणाच्या सुट्टीत बायकांना स्वतःच्या हिरव्या पेशींबद्दल सांगायची. कुणाचा विश्वास बसत नसे. "माझ्या मुलीला विचारा," ती म्हणायची, "तिनंही पाहिल्यात."