यंत्रामागची लाल रजई

पहाटे बुद्धासमोर एकशेआठ नमस्कार झाले की मी या वहीत चार ओळी लिहिते. तीन दिवस लिहिलं नाही, कारण खरं लिहायची लाज वाटत होती. आज सासूबाईंबद्दल लिहिते.

ओ बोङन्ये त्यांचं नाव, वय चौऱ्याऐंशी. छुन्छनच्या बाजारात त्यांनी चाळीस वर्षं टोफू विकला. कौतुक करायची त्यांना सवयच नाही. मी एकतीस वर्षं त्यांच्याजवळ राहते. माझ्या किमचीला "खारट नाही" एवढीच काय ती शाबासकी. नवरीनं सासूसाठी रजई आणायची आमच्या कोरियात रीत. माझ्या आईनं लाल रेशमाची, हिरव्या काठाची रजई रात्रंदिवस बसून शिवली होती. सासूबाईंनी ती कपाटात ठेवली आणि एकदाही अंगावर घेतली नाही. का, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

आणि डिसेंबरात धाकट्या जावेनं, युनग्यंगनं, सोलहून कपडे धुऊन वाळवूनही देणारं मशीन पाठवलं. सासूबाई दिवसातून दोनदा गॅलरीत जाऊन त्याच्यावरून हात फिरवायच्या, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. शेजारणींना बोलावून दाखवायच्या. "धाकटीला कळतं बाई!" जुनं मशीन दर जानेवारीत गोठायचं, तेव्हा न्हाणीघरात बसून गार पाण्यात सासूबाईंचे कपडे कोण चोळत होतं? बुद्धासमोर वाकले तरी डोळ्यांपुढे ते पांढरं धूड यायचं.

जानेवारीत त्याची ऊब गेली. धुवायचं नीट, पण तीन तासांनीही कपडे ओले आणि गार. सासूबाईंना आताशा वयामुळे दिवसातून तीनदा कपडे बदलावे लागतात. मी जावेला फोन लावला. आवाज चिंतेचा काढला, पण मनातून गुदगुल्या होत होत्या.

"ताई, जाळी साफ केलीत?"

"रोज करते. मूठभर धागे निघतात."

"मग कपडे कोंबले असतील."

"आईंचे दोन सदरे आणि मोजे. एवढ्यानं गुदमरलं तुझं मशीन?"

"गार हवेचं बटण तर नाही ना दाबलंत?"

"वाचता येतं गं मला."

ती हसली. "बरं, मागे बघा. हवा खेळायची जागा बुजली, तर तापायचं थांबतं ते."

मी विजेरी घेऊन भिंतीकडच्या फटीत डोकावले. आत लाल रेशीम. हिरवा काठ. जी रजई एकतीस वर्षं कुणी पांघरली नाही, ती धाकटीच्या मशीनला पांघरलेली!

"आहे का काही, ताई?"

"नाही," मी म्हणाले.

"नक्की?"

"नाही म्हटलं ना!"

"मग दुरुस्तीवाला यायला दहा दिवस लागतील. तोवर आईंना आमच्याकडे येऊ दे. हे शनिवारी न्यायला येतील."

सासूबाईंनी लगेच गाठोडं बांधायला घेतलं.

"दहाच दिवस ना, आई?"

"बघू. तिकडे लिफ्ट आहे म्हणे."

एकदा गेल्या की त्या परत यायच्या नाहीत. आणि त्यांना मीच घालवत होते.

शुक्रवारी पहाटे चाळिसाव्या नमस्काराला माझी मोजणी चुकली. तशीच उठले. सासूबाई स्वयंपाकघरात लसूण सोलत होत्या.

"आई, मशीन बिघडलेलं नाही. मागे रजई आहे. मी पाहिली, आणि नाही म्हणून सांगितलं."

"मीच खुपसली ती. भिंत बर्फासारखी आहे. जुनं गोठायचं ना दर वर्षी?"

"धाकटीच्या मशीनला माझी रजई?"

"मशीनचं मला काय करायचंय! ते गोठलं तर गार पाण्यात हात कोण घालणार, धाकटी? तुझी बोटं फुटतात ती दिसत नाहीत मला?"

"मग एकदाही अंगावर का नाही घेतलीत?"

"मळली असती." त्यांनी पुढची पाकळी घेतली. "मळली की तूच धूत बसली असतीस."

दोघींनी ओढून रजई बाहेर काढली. मशीन लावलं. तासाभरानं काचेला हात लावला तर चांगली गरम! सासूबाईंनी सदरा गालाला लावला आणि म्हणाल्या, "धाकटीला कळतं बाई!" झालं, माझ्या पोटात पुन्हा दुखलं. पण मोजे माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "हे कपाटात ठेव. आणि ते गाठोडंही सोड."

जावेला फोन करून सगळं कबूल केलं. ती म्हणाली,

"ताई, माझ्या आईनं दिलेली रजई सासूबाईंनी त्याच वर्षी त्यांच्या बहिणीला देऊन टाकली. तुमची कपाटात तरी होती."

तिचा आवाज खरोखर दुखावलेला होता. मला वाईट वाटायला हवं होतं.

आज एकशेआठ नमस्कार पुरे केले. मध्ये दोनदा हसू आलं.