पाहुण्याला सांगायचं उत्तर

मंडळी, आज सकाळी काष्टीजवळच्या आमच्या वस्तीवर ग्रामपंचायतीचा सर्व्हे झाला. यंदाच्या आराखड्यात आमची पाइपलाइन घ्यायची की नाही, ते या माहितीवरच ठरणार आहे.

मी माझा फॉर्म मोबाईलवर भरला होता. ज्यांच्याकडे मोबाईल नाही, त्यांच्या घरी अंगणवाडीच्या सुनीताताई निघाल्या, सोबत मी निवृत्त मास्तर. वर्गात कविता म्हणायचो त्याच चालीत मी प्रश्न वाचत होतो.

"पाणी पुरतं का?"

"पुरतं की."

घरोघरी हेच. दारी आलेल्यापुढे रडगाणं गाऊ नये, ही आमची जुनी रीत. ताईंच्या मोबाईलमध्ये आमची वस्ती अगदी सुखी दिसू लागली.

शेवटी सखूआजींकडे ताईंनी प्यायला पाणी मागितलं. आजींनी अर्धा तांब्या दिला. "पुरवून पी बाई. नातसून हिरीवर गेलीया, तासानं येईल."

"मग पुरतं म्हणालात ते?"

"पाव्हण्याला काय, पानी न्हाई म्हणून सांगू?"

"आजी, हे वाचूनच पाइप येणार आहे."

"मंग आदी सांगायचं व्हतं. लिही, थेंब न्हाई."

"थेंब आहे. विहिरीवरून आणावा लागतो, असं लिहिते."

आजी माझ्याकडे वळल्या. "मास्तर, तुमी काय लिव्हलं?"

मीही 'पुरेसे' लिहिलं होतं.

मग सगळी घरं पुन्हा फिरलो, सुरुवात माझ्यापासून. आता मोबाईलमध्ये आमची वस्ती तहानलेली दिसते, आणि मला त्याचा कोण आनंद झालाय.

तुमच्या दारी असं कुणी विचारायला आलं, तर तुम्ही काय सांगता?