घडीचा हिशेब

"अहो, बंद करा ते धूड! घराची भट्टी झालीय!" ही स्वयंपाकघरातून ओरडत होती.

खोटं नव्हतं. आमच्या कॉम्प्युटरच्या गरम वाऱ्यावर पापड वाळतात. त्याचा पंखा ऐकून शेजारचे काका गच्चीवर विमान उतरलं का ते बघून आले. काय करणार? शरीरातल्या प्रथिनांच्या लांब साखळ्यांच्या घड्या कशा पडतात, हा हिशेब इतका अवाढव्य आहे की संशोधक त्याचे तुकडे करून जगभरातल्या हौशी लोकांच्या कॉम्प्युटरना वाटतात. हिला कंपवात झाल्यापासून मीही तुकडे घेतो.

तेवढ्यात ही चहा घेऊन आली. कप बशीवर किणकिणत होता. हिच्या शरीरात या घड्या पापणी लवायच्या आत पडतात आणि त्यातली एखादी चुकते, त्यातूनच हा कंप. ती कशी चुकली, यातला कणभर भाग समजायला आमचं धूड आठवडाभर धापा टाकतं. एवढं धावूनही आपण जागच्या जागीच, असं वाटून मीच दमलो.

"तीन वर्षं भाजताय आम्हाला," ही म्हणाली, "औषध कधी निघणार, ते विचारा की तुमच्या त्या मंडळींना."

हे तुकडे घेणाऱ्या आम्हा हौशी लोकांचा इंटरनेटवर एक फोरम आहे, तिथे सर्वांत जास्त तुकडे सोडवून पहिल्या नंबरावर असलेले एक गृहस्थ आहेत. त्यांच्या घरी एवढी यंत्रं, की हिवाळा त्यांच्या गल्लीत शिरतच नसावा. त्यांनाच विचारलं. घरात कोणाला कंपवात आहे, तेही लिहिलं.

संध्याकाळी उत्तर आलं, "ठाऊक नाही. मीही बायकोसाठी हेच विचारायला इथे आलो होतो."