किनारीतले हिरवे धागे

मला जुन्या मराठी पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्यांचा नाद होता. ऐंशीच्या दशकातल्या भिवंडीत, जिथे लोक झोपेतही कापडाचा भाव बोलायचे, तिथे हा नाद म्हणजे चारचौघांत हसं व्हायचीच सोय. पुस्तक हातात आलं की मी आधी ‘आवृत्ती पहिली’ शोधायचो. मग त्याचा आधीचा मालक हुडकून त्याच्या घरी जायचो, चहा प्यायचो आणि पुस्तक त्याच्याकडे कसं आलं ते ऐकायचो. ते ऐकल्याशिवाय पुस्तक कपाटात लावायचं नाही, हा माझा हट्ट. बायको म्हणायची, “पुस्तकं जमवताय की स्थळं बघताय?”

चौऱ्याऐंशीच्या दंगलीनंतरच्या वर्षी नेहमीच्या रद्दीवाल्याकडे मला एका गलबतवाल्याच्या प्रवासवर्णनाची पहिली आवृत्ती मिळाली. मालकाच्या नावाचं पान फाडलेलं होतं. पण पुस्तक मागावरच्या कोऱ्या कापडात बांधलेलं होतं आणि कापडाची किनार तशीच ठेवलेली होती. दोन हिरवे धागे, मध्ये एक पिवळा. मी कापडाच्या फोल्डिंगमध्ये नोकरीला. आमच्याकडे अनेक कारखान्यांचं कापड तपासून घडी घालायला यायचं, त्याची सरमिसळ होऊ नये म्हणून प्रत्येक मालक किनारीत आपल्या रंगाचे धागे घालायचा. ही किनार भिवंडीतल्याच कामतघरच्या एका कोकणी मुसलमान मालकाची होती. दंगलीत त्यांचा कारखाना आणि घर दोन्ही जळालं होतं.

सगळं गेलेल्या माणसाच्या हातात त्याची एखादी तरी वस्तू परत पडावी, या आनंदात मी रविवारी कामतघर गाठलं. चाचा, त्या मालकांना आम्ही सगळे चाचाच म्हणायचो, त्याच गल्लीत नवे पत्रे घालून पुन्हा राहायला आले होते. पुस्तक उघडण्याआधी त्यांनी किनारीवरून अंगठा फिरवला.

“ही बांधणी माझ्या हातची हाय,” म्हणाले आणि असे खुलले की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मग त्यांनी पुस्तक उघडून नाकाशी धरलं. पुन्हा एकदा धरलं.

“याला धूर लागला न्हाय.”

“बरंच झालं ना, चाचा.”

“सगळी पुस्तकं आतल्या खोलीत कपाटात होती. दंगल पेटली नि आम्ही घर सोडून निघालो तवा गल्लीवाले म्हणाले, बिनघोर जा, घरावर आमची नजर हाय. मागून बाहेरची माणसं आली, घर पेटवून गेली. सगळ्यांनी मला हेच सांगितलं.” त्यांनी पुस्तक मिटलं. “बाहेरचा माणूस पेटवतो नि पळतो. तो आधी कपाट रिकामं करून रद्दीत कशाला घालंल?”

तोंडाला आलं ते मी बोलून गेलो. रद्दीवाला ओळखीचा आहे, त्याला कोणी विकलं ते आजच विचारतो, म्हणालो. चाचांनी माझं मनगट घट्ट धरलं.

“न्हाय. तुला शोधायचा नाद हाय, मला म्हाईत हाय. पण हे शोधू नको. पुस्तकं जळली समजून मी सबर केला होता, मनाला समजावलं होतं. आता नाव कळलं तर सकाळी सलाम कुणाला करू? मला याच गल्लीत राहायचंय, बेटा.”

पुस्तक त्यांनी ठेवून घेतलं नाही. चहा मात्र पाजला. तो पिताना मला माझ्या त्या नादाचा मनापासून राग आला.

पुढे एकदा बाजारातून जाताना रद्दीवाल्यानं मला हाक मारली. “शेठ, तसल्याच हिरव्या किनारीची अजून दोन किताबं आलीत. तोच माणूस देऊन गेला. तुम्ही ओळखता त्याला...”

मी न ऐकल्यासारखं करून झपाझप पुढे निघालो. बाजारात समोरून येणारा जो तो ओळखीचा होता. प्रत्येकानं नेहमीसारखा हात वर केला, आणि मी प्रत्येकाच्या हाताकडे बघत राहिलो.