नणंदेचा चहा आणि शेवटचा किलोमीटर

"भर रस्त्यात नणंदेवर ओरडत होत्या म्हणे?" असे सकाळपासून फोन येत आहेत, म्हणून लिहिते आहे.

आज अमरावतीत, साठी उलटल्यावर मी पहिल्यांदा दहा किलोमीटर धावले. वेळेत पोहोचलं तरच पदक मिळणार होतं. शेवटचा किलोमीटर उरला, आणि माझी धाकटी नणंद कुसुम घरासमोर चहाचा कप घेऊन आडवी उभी!

"काहून वैनी, दारावरून तशाच चालल्या? चहा घ्याच!"

आमच्या वऱ्हाडात दारातला चहा नाकारला की वर्षभर अबोला ठरलेला.

"कुसुम, वेळ संपून राहिली! द्यायचा तर पळत दे!" मी ओरडले.

तिने पदर खोचला आणि चपलांवर पळायला लागली. मी दोन घोट घेतले, बाकीचा सांडला.

"आता जा घरी."

"काहून? मले तं मजा येऊन राहिली!"

आम्ही दोघी वेळेत पोहोचलो. मी मिठ्या मारणारी बाई नाही, पण आज तिला घट्ट मिठी मारली.

तुमच्या घरात असं कोण आहे? त्यांना कधी सोबत बोलावलंत?

पदक मला मिळालं. माझे धावायचे जुने बूट, एक जोडी, दुपारी कुसुमच्या हवाली केले.