प्रेसला केलेला नमस्कार

पन्नाशी जवळ आली असताना मी भोकरदनच्या एका प्रशिक्षण केंद्रात शिकवायला लागलो. त्याआधी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवीत असे. विद्यार्थी उरले नाहीत, तसा मीही उरलो नाही. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांसाठी मुलामुलींना तयार करणे हे केंद्राचे काम. मलाच ते आधी शिकून घ्यावे लागले. यंत्राजवळ माझा मुळातच हळू असलेला आवाज अधिकच खाली जाई आणि मागची मुले बहुधा ओठांवरूनच अर्थ लावीत असावीत.

केंद्रात एक जुने प्रेस यंत्र होते, कुठल्याशा कारखान्याने मोडीत काढून देणगी म्हणून दिलेले. खालच्या लोखंडी पाटावर पत्रा ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणे दाबायची, की वरचा साचा खाली येई. रोज सकाळी, यंत्र सुरू करण्यापूर्वी, प्रत्येक जण त्या पाटाला हात लावून तो कपाळाला नेई. ही रीत माझ्या आधीची. यंत्र तेव्हा बंदच असे, आणि लोखंडाविषयीचा तो आदर मला आवडेही.

एका वर्षीच्या तुकडीत एक मुलगी होती. कापसाच्या बियाणे प्लॉटवर तिचे हंगामामागून हंगाम गेले होते. कळी नखाने सोलायची, दुसऱ्या फुलाचे पराग तिच्यावर लावायचे. या कामाला इकडे सगळेच 'क्रॉसिंग' म्हणतात. त्या कामाने तिची बोटे इतकी नेमकी झाली होती, की तिने जोडलेला भाग मी फार वेळ तपासत नसे. "सर, तिकडं परत न्हाई जायचं," ती एकदा म्हणाली होती. "दिवसभर उन्हात वाकून वाकून मान धरती." कारखान्यात भरतीसाठी वयाची अट होती, आणि त्या वर्षीची निवड चाचणी ही अटीत बसणारी तिची शेवटचीच संधी होती.

निवड चाचणीसाठी आम्ही बसने संभाजीनगरला गेलो. तिथले प्रेस वेगळे होते. माणसाने पत्र्याचा तुकडा बाहेरच्या सरकत्या पट्ट्यावर ठेवायचा, पुढचे काम यंत्र स्वतः करी. समोरच्या दोन खांबांमध्ये प्रकाशकिरणांचा पडदा होता. डोळ्यांना तो दिसत नसे, पण त्यातून हात गेला की यंत्र तत्काळ थांबे. "हात आत न्यायचा नाही," हे चाचणी घेणाऱ्या अधिकाऱ्याने आधीच दोनदा बजावले होते.

तिचा क्रमांक आला. ती यंत्रासमोर उभी राहिली, ओढणीचे टोक कमरेला खोचले आणि क्षणभरही विचार न करता वाकून आतल्या पाटाला हात लावला. भोंगा वाजला. यंत्रांची सगळी ओळ थांबली. तिचा हात मात्र कपाळापर्यंत पोहोचलाच. सवयीचा हात अर्ध्यावर थांबत नाही.

"हे काय केलं?" अधिकाऱ्याने विचारले.

"पाया पडले, सर."

मागे आमचीच मुले हसली. "नारळ बी आणायचा ना मंग!" एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "नवस बोलली का गं?" तीही हसली, कारण चूक केवढी आहे हे तिला अजून समजले नव्हते.

मी पुढे झालो. मनात जुळवलेले वाक्य मी शेवटपर्यंत उच्चारले: ही आमच्याकडची रीत आहे, मुलीचे कौशल्य असाधारण आहे, तिला एक संधी पुन्हा द्यावी. अधिकाऱ्याने ते शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "सर, तिचा हात चांगला आहे, बघितलं मी. म्हणूनच म्हणतो. पडदा बिघडलेला असता, तर? तेव्हा तुम्ही आला असता का रीत सांगायला?"

त्याने यादीतल्या तिच्या नावावर काट मारली. तो कठोर असता तर मला त्याच्यावर रागावता तरी आले असते.

परतीच्या बसमध्ये भोकरदन जवळ आल्यावर ती म्हणाली, "सर, इथल्या मशीनला हात लावल्याबिगर कधी सुरूच केलं न्हाई ना. हाताला काय कळतं, कोणतं मशीन आपलं हाय?" त्या आवाजात तक्रार नव्हती. स्थानकावर उतरून ती गर्दीत गेली, ती केंद्रात पुन्हा आली नाही.

आता आमच्या प्रेससमोर जमिनीवर पिवळी रेघ आहे. नवी तुकडी रेघेअलीकडून, हात पाठीमागे बांधून, फक्त मान लववते. मी ते रोज करवून घेतो. त्या कारखान्याने आमच्याकडून पुन्हा कोणाला बोलावलेले नाही, आणि दुसरा कारखाना अजून सापडलेला नाही.

श्रावणात जालन्याच्या बसमधून जाताना रस्त्यालगत कापसाचे बियाणे प्लॉट दिसतात. ओळीने बायका वाकलेल्या असतात, तोंडे रुमालाने बांधलेली. त्यांत ती आहे की नाही, मला ओळखू येत नाही. प्रत्येकीचा हात झाडात खोल गेलेला असतो, आणि तिथे भोंगा वाजत नाही.