वहिनीचं चालतं दुखणं

मी स्वभावाने तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, ही बाई सगळ्यांना नावं ठेवते. ठेवते. पण या गोष्टीत मला स्वतःलाही सोडता येत नाही.

आमची वहिनी शिवणकाम करते. गल्लीत सगळे तिला टाकेवाली म्हणतात. कपडा अंगावर बसवण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. एक खोड मात्र वाईट. काम करताना हातातली सुई ठेवायची ती अंगावर. खांद्यावर, गळ्याशी, कमरेच्या नाडीजवळ, जिथे हात जाईल तिथे. जेवायला बसली तरी छातीवर दोन सुया चमकत असायच्या. "हिच्या जवळ बसायचं तर चिलखत घालून बसावं लागतं," असं दादा म्हणायचा. दादा म्हणजे तिचा नवरा, माझा भाऊ. मी त्यांच्याकडेच राहते. माझी मोठ्या नेढ्याची सुई एकदा हरवली, चष्म्याशिवाय ओवता येणारी ती एकच, तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. "तुझ्याच अंगावर गेली असेल," म्हणून वहिनीला फैलावर घेतलं. तिने मुकाट्याने कुडता झटकून दाखवला.

दुखणं सुरू झालं ते बसायच्या जागी. उजवीकडे, आत खोल ठणका. कोपऱ्यावरचा डॉक्टर म्हणाला, दिवसभर मशीनवर बसता, दुसरं काय होणार. स्टूल कडक असेल म्हणावं, तर त्याची उसवलेली गादी मीच नुकती शिवून दिली होती, चांगला कापूस भरून. तरी दादाने स्टूल बदललं. महिन्याभराने ठणका कमरेत आला. मग पाठीत. मग बरगडीखाली. मधूनच ताप यायचा, घामाने अंथरूण भिजायचं. तीन वर्षांत वहिनी निम्मी झाली. हाडांचा डॉक्टर झाला, पोटाचा झाला, नसांचा झाला. रक्त इतकं तपासलं की अंगात उरलं किती कोण जाणे. निदान काही होईना. शेवटी दादा हळूच म्हणाला, मनाच्या डॉक्टरला दाखवू या. वहिनीने वर बघितलंच नाही, नुसता दोरा तोडला.

त्या दिवशी ती मला म्हणाली, "वन्सं, ते जागचं उठतं. मी कुशीवर वळले की तेही वळतं. मला वेड लागलेलं नाही हो."

मी म्हटलं, "वेड लागेल आम्हाला." असं बोलले मी.

या काळात तिच्या अंगाचे तीन एक्स-रे झाले. तिन्ही वेळा मी सोबत होते. पहिल्यात कमरेशी एक बारीक पांढरी रेघ दिसली. फोटो काढणारा माणूस हसला. "बाई, कपड्यात सुई राहिलीय." वहिनीने नाडीजवळ चाचपलं आणि खरंच एक सुई निघाली. मीही हसले. हाडं ठीक दिसताहेत, पुन्हा फोटो नको, म्हणाला. दुसऱ्या वेळी रेघ पाठीच्या कडेला. वहिनीने कुडत्याची शिवण चाचपली, सुई निघाली. तिसऱ्या वेळी बरगडीवर, आणि तिथेही निघाली. तिच्या अंगावर सुई शोधली की सुई सापडायचीच. तिसऱ्यांदा तर मीच तिला झापलं की दवाखान्यात येताना तरी अंग झटकून येत जा.

मग वहिनीने एक काम केलं. कपडा बेतायचा खाकी कागद टेबलावर पसरला, स्वतःची मापं घेतली आणि स्वतःलाच कापून काढलं. पुढचा भाग, मागचा भाग, बाह्या. डोकं नाही, बेतायच्या कागदाला डोकं नसतंच. तो कागद तिने मशीनमागे भिंतीवर टाचला आणि दुखणं पहिल्यापासून जिथे जिथे बसलं तिथे निळ्या खडूने खूण करून तारीख घातली. ते सरकलं की नवी खूण. मला त्या खोलीत एकटीला बसवेना. पंखा लागला की ती बिनडोक्याची बाई श्वास घेतल्यासारखी फुगायची आणि पुन्हा भिंतीला चिकटायची. दुपारी चहा द्यायला गेले तरी मी कागदाकडे पाठ करून उभी राहायचे, आणि मग पाठीलाच भीती वाटायची.

एका दुपारी वहिनी तापात झोपली होती. मी धीर करून त्या खुणांवरून बोट फिरवलं. खालून वर, उजवीकडून डावीकडे. एकसारखं अंतर, जसे टाके पडावेत तसं. कोणीतरी तिला आतून शिवत चाललं होतं. आणि पुढचा टाका कुठे पडणार, हे शिवणाऱ्या घरात राहून मला कळत होतं. डाव्या छातीखाली. मी कागद भिंतीवरून ओढून काढला, तिन्ही फोटो घेतले आणि रिक्षा बोलावून वहिनीला मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टरीण वयाने लहान, बोलणं कमी. तिने फोटो खिडकीच्या काचेला लावले, शेजारी कागद धरला. मग मला विचारलं, "ही सुई तिन्ही वेळा कपड्यातच होती?"

"हो," मी म्हणाले. "काढली ना आम्ही."

"हीच काढलीत का?"

तिने वहिनीचे सगळे कपडे उतरवायला लावले, दवाखान्याचा झगा दिला आणि तो मला स्वतःच्या हातांनी चाचपायला सांगितलं. मी काठ न् काठ चाचपला. एक टाचणीही नव्हती. नवा फोटो आला. पांढरी रेघ हृदयाला लागून, तिरपी, अगदी स्वच्छ दिसत होती.

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. दादा बाकावर बसून सारखा म्हणत होता, मी तिला मनाच्या डॉक्टरकडे नेत होतो. मी तरी त्याला कोणत्या तोंडाने बोलणार होते?

वहिनी वाचली. तिसऱ्या दिवशी तिला जरा बसवलं तेव्हा तिने उशाची काचेची बाटली माझ्या हातात दिली. आत काळवंडलेली सुई होती. नेढं मोठं. नेढ्यात नायलॉनच्या दोऱ्याचा तुकडा अजून अडकलेला, हिरवा. स्टुलाची गादी मी हिरव्या दोऱ्याने शिवली होती.

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"वन्सं," ती म्हणाली, "तुमची सुई सापडली."